माउसला हात न लावणाऱ्या मदाम इन्साफ

मदाम इन्साफना जगात पुष्कळ गोष्टींची किळस यायची. बसमधल्या दांड्यांची, शेजारणीच्या मांजराची, दुसऱ्याने तोंड लावलेल्या चहाच्या पेल्याची. पण या सगळ्यांच्या वरचा मान होता तो दुकानातल्या माउसला.

दुकान इजिप्तमधल्या तांता शहरात, विद्यापीठाच्या मागच्या गल्लीत. हाज मितवल्लींचं. मुलं-मुली पेनड्राइव्हवर प्रबंध घेऊन येतात आणि इथे त्याचे समास, मथळे, तळटिपा, पानांचे आकडे सगळं ठाकठीक करून, छापून, बांधून घेऊन जातात. संगणक एक, माणसं दोन. सकाळी मदाम इन्साफ आणि दुपारच्या नमाजनंतर उस्ताज बय्यूमी. एक खुर्ची, एक टेबल आणि एक माउस यांवर दोघांनी कित्येक वर्षं काढली होती.

बय्यूमी माणूस म्हणून सोन्यासारखा. कुणाला उलटून बोलणं नाही, कुणाचं वाईट चिंतणं नाही. पण खायचा. बायको गेल्यापासून घरी ताटावर एकटं बसणं त्याला जमत नसे, म्हणून तो सगळं जेवण दुकानात आणून, येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलत, काम करता करता उरकायचा. तेल निथळणारे तामियाचे वडे, लसूण घातलेली, वालाच्या उसळीसारखी फूल, मुरून पिवळं पडलेलं चीज आणि वर भाजलेल्या बिया. वसंतात शम्म अल-नसीमचा सण जवळ आला की फसीख. म्हणजे खारवून मुरवलेला बोईट मासा. तो सडायच्या अलीकडे थांबवलेला असतो असं खाणारे म्हणतात. मदाम इन्साफच्या मते तो थांबलेला नसायचा.

आणि या सगळ्याची नोंद माउसवर. मूळचा पांढरा माउस आता जुन्या दातांच्या रंगाचा झाला होता. सकाळी त्यावर हात ठेवला की तळवा चिकटायचा आणि उचलताना बारीकसा आवाज व्हायचा. त्या आवाजासरशी मदाम इन्साफ हात धुवायला उठायच्या. कीबोर्ड त्यांनी घरून स्वतःचा आणला होता, चेन लावलेल्या उशीच्या अभ्र्यातून रोज न्यायच्या-आणायच्या. पण माउसवर उपाय सापडेना. कागदी रुमालात धरला तर तो घसरायचा आणि दुसराच मथळा ठळक व्हायचा.

एकदा एक मुलगी त्यांची ही कसरत बघून म्हणाली, "मदाम, त्याला हात कशाला लावता? कुठलंही काम कुठल्याही दोन बटनांना बांधता येतं."

"कुठलंही?"

"कुठलंही. सेटिंगमध्ये जायचं, काम निवडायचं, हवी ती बटनं दाबून दाखवायची. पुढच्या वेळी संगणक तेवढ्यावर ओळखतो."

त्या दिवशी मदाम इन्साफनी माउस शेवटचा हातात धरला. आधी छपाई बांधली, मग मथळे, मग तळटीप. पानांचे आकडे प्रस्तावनेपासून सुरू करणं हे किचकट काम त्यांनी एकदा नीट करून दाखवलं, ते संगणकाकडून पाठ करून घेतलं आणि दोन बटनांवर बसवलं. महिन्याभरात माउस प्लॅस्टिकच्या पिशवीत गेला आणि शेपटीने खिडकीच्या पडद्यामागच्या खिळ्याला लटकू लागला. दुपारी बय्यूमी तो काढायचा, सकाळी मदाम इन्साफ येईपर्यंत तो परत लटकलेला असायचा. एवढी रीत त्याला होती.

परिणाम असा झाला, की मदाम इन्साफच्या बोटांखाली प्रबंध भराभर हातावेगळे होऊ लागले. मुलं सकाळीच यायला लागली. दुपारी बय्यूमी आणि बिया, एवढेच उरले.

हाज मितवल्लींनी एके दिवशी दोघांसमोर सांगून टाकलं, "बय्यूमी, सणापर्यंत बघतो. नंतर दुपारचं दुकान बंद. तू घरी बस."

"घरी बसून करू काय?" बय्यूमी म्हणाला.

"इथे काय करतोस? खातोस. तेच घरी कर."

मदाम इन्साफना खरं तर हायसं वाटायला हवं होतं. पण घरी, भिंतीकडे तोंड करून मुकाट घास गिळणारा बय्यूमी त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. "हाज," त्या स्वतःच्याच नकळत म्हणाल्या, "मी शिकवते त्यांना माझे शॉर्टकट."

शिकवायचं तर बय्यूमीच्या कीबोर्डवर. स्वतःच्या कीबोर्डवर ती बोटं पडू देण्यापेक्षा त्यांनी नोकरी सोडली असती. आणि बय्यूमीच्या कीबोर्डवरचं ऑल्टचं बटन दाबलं की वर येत नव्हतं. शेवटी त्यांनी तोंडाला कोलोन शिंपडलेला रुमाल बांधला, हातमोजे घातले आणि कीबोर्ड वर्तमानपत्रावर उलटा केला. बियांची टरफलं पडली. तामियाचा चुरा पडला. चीजचा एक तुकडा पडला, त्याला मऊ हिरवी लव आली होती. बटनं उचकटल्यावर खाली सगळीकडे तपकिरी मेणचट थर, त्यात केस, आणि ऑल्टच्या खाली आडवा रुतलेला माशाचा काटा. मदाम इन्साफ दोनदा बाहेर जाऊन हवा घेऊन आल्या.

"बघा, किती दिवस शोधत होतो," बय्यूमी काट्याकडे बघून म्हणाला. "मला वाटलं मी गिळला."

"उस्ताज बय्यूमी, एक अक्षर बोलू नका."

स्पिरिटने सगळं घासून झाल्यावर शिकवणी सुरू झाली. बय्यूमीची एकच अट होती. सगळी कामं डाव्या हाताखालच्या बटनांवर बांधायची. उजवीकडे काहीही नको. मदाम इन्साफना वाटलं, खांदा धरत असेल बिचाऱ्याचा, वय झालं. त्या लगेच कामाला लागल्या. आपली सगळी मांडणी मोडून ऑल्टबरोबरचे एक ते पाच आकडे आणि त्यांच्या खालची अक्षरं यांवर एकेक काम पुन्हा बांधलं. रोज दुपारी थोडा वेळ खिडकीत नाक ठेवून त्या शिकवत आणि बय्यूमी डाव्या हाताने गिरवत राही. शिकला मात्र झपाट्याने.

सणाला चारच दिवस उरले असताना हाज मितवल्ली परीक्षा घ्यायला येऊन उभे राहिले. पशुवैद्यक शाखेची एक मुलगी प्रबंध घेऊन आली होती. विषय, बोईट माशाच्या आतड्यातले कृमी. पानोपानी रंगीत फोटो.

बय्यूमी खुर्चीत बसला. डावा हात कीबोर्डवर ठेवला. उजव्या हाताने पुडकं सोडलं. फसीखचा वास सुटला आणि हाज एक पाऊल मागे सरले. पोळीत माशाचा लगदा आणि कांद्याची पात गुंडाळून त्याने घास घेतला, डाव्या हाताने मथळे लावले. दुसरा घास, तळटिपा. स्क्रीनवर एक लांबलचक पांढरा कृमी वेटोळं घालून आला. बय्यूमीने चावत चावत तो पानाच्या मधोमध बसवला आणि बोटं चाटली.

मुलीने तोंड फिरवलं. मदाम इन्साफ केव्हाच दारात गेल्या होत्या.

"खांदा नव्हता तर दुखत तुमचा," त्या तिथूनच म्हणाल्या.

"खांदा? नाही बुवा."

"मग सगळं डावीकडे का?"

"आता डाव्या हाताने खाऊ का मदाम?" बय्यूमी दुखावल्यासारखा म्हणाला. "माउस होता तेव्हा उजवा हात त्यात अडकायचा. दर घासाला सोडा, धरा, सोडा, धरा. तुमच्यामुळे मोकळा झाला."

हाजनी छापून आलेली पानं चाळली. चूक काढायला जागा नव्हती. "येत जा दुपारी," ते नाकावर हात ठेवून म्हणाले आणि घाईने निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मदाम इन्साफ आल्या त्या तपासायच्याच तयारीने. पण बय्यूमीचा कीबोर्ड कोरडा, स्वच्छ. त्यावर फिरवलेला कागदी रुमाल पांढराच्या पांढरा. माउस पिशवीत, जागच्या जागी. त्या समाधानाने खुर्चीत टेकल्या आणि उजवं कोपर खुर्चीच्या हातावर ठेवलं. ते चिकटलं.

तो दिवस त्यांनी कोपर अंगापासून दूर धरून काढला. दुपारी बय्यूमी आला तेव्हा त्या स्क्रूड्रायव्हर घेऊन खुर्चीचा उजवा हात काढत होत्या. निघालेला हात त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाकला आणि पर्स उचलली.

"मदाम," बय्यूमी पुडकं ठेवत काळजीने म्हणाला, "मग मी हात पुसू कुठे?"

त्याने सगळ्या दुकानभर नजर फिरवली. ती खिडकीच्या पडद्यापाशी आली आणि तिथेच थांबली. मदाम इन्साफनी पर्स परत टेबलावर ठेवली.