फीत कापेपर्यंत

उद्घाटनाची पत्रिका घरात आली की मी ती वाचत नाही, फाडतो. बायको म्हणते, "त्या कागदानं तुमचं काय घोडं मारलंय?" मारलंय.

मी विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवायचो. हुपरीत माझ्या ओळखीचा एक चांदी कारागीर होता, माझ्याच वयाचा. घराच्या सोप्यात बसून डाख देऊन जोडलेले पैंजण कढत आसिडात टाकून उजळायचा. वाफ सरळ नाकात. खोकून खोकून जीव अर्धा झालेला. त्याच्यासाठी मी एक पेटी बनवली. पंखा वाफ ओढून घेणार आणि चुन्याच्या पाण्यातून बाहेर सोडणार. पहिली पेटी पत्र्याची. तीन आठवडे झकास चालली, त्याचा खोकला निम्म्यावर आला, मग आसिडानं पत्राच खाल्ला. डॉक्टरनं त्याला बजावलं होतं, ही वाफ आणखी वर्षभर घेतलीस तर छाती कामातून जाईल. पण धंदा सोडून खाणार काय?

तेवढ्यात, दोन हजार सालानंतरची गोष्ट, विद्यापीठानं निधी काढला. प्राध्यापकांचे शोध कपाटात पडून न राहता बाजारात जावेत म्हणून. मी अर्ज केला, मंजूरही झाला. उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपनं प्लॅस्टिकची भक्कम पेटी करून दिली. चाचणी झाली. आता फक्त टेम्पोत घालून हुपरीला न्यायची. तेव्हा उन्हाळा होता.

विभागप्रमुख म्हणाले, "असं कसं? निधीतलं पहिलं यंत्र. उद्घाटनाशिवाय बाहेर काढायचं नाही." पेटीला लाल फीत बांधली आणि खोलीला कुलूप घातलं. पाहुणे ठरले एक पुढारी. त्यांची तारीख मिळाली, ती पुरात गेली. मग आचारसंहिता लागली. मग साखर कारखान्यांचे हंगाम सुरू झाले, साहेब उसाची पहिली मोळी टाकायला गावोगाव. बसा बोंबलत!

कारागीर दर पंधरा दिवसांनी एसटीनं यायचा. खिडकीच्या गजांतून पेटी बघायचा.

"सर, तयार हाय की! फीत सोडायची आन् न्ह्यायची."

"थांबा की थोडं. आता होतंयच."

लाज सोडून खरं सांगतो. माझ्या बढतीची फाईल विभागप्रमुखांच्या टेबलावर होती. फीत काय लोखंडाची नव्हती, मी शेपूट घातलं. दिवाळीनंतर त्याचं येणं बंद झालं आणि मला, थू माझ्यावर, जरा सुटल्यासारखं वाटलं.

थंडी सरता सरता पाहुणे उगवले. मांडव, स्पीकर, फेटे, तांबडा-पांढरा रस्सा. साहेबांनी कात्री चालवली, बटण दाबलं. आत पाणीच भरलं नव्हतं, पंखा नुसता भणभणला. तरी टाळ्या! हे यंत्र कशाचं, असं त्यांनी मला विचारलं, तेही भाषण ठोकून झाल्यावर. आणि मी? मीही फेटा बांधून, दात काढत फोटोत उभा.

दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन हुपरी गाठली. शेगडीपुढं कारागिराची बायको बसलेली. तो भिंतीला टेकून, दोन शब्द बोलला की धापा टाकत होता. डॉक्टरनं काम कायमचं बंद केलं होतं, आणि आता त्याच वाफेत ती बसत होती.

मी खाली बसून शेगडीवर पेटी बसवायला लागलो. ती पदरानं नाक दाबून बघत होती.

"लई चांगलं केलंसा, सर. कवा तयार झालं म्हणायचं हे?"

मी त्याच्याकडं बघितलं. तो दम खात होता.

"परवाच," तो म्हणाला. "झाल्या झाल्या आणलं बघ सरांनी."