उसाची चिपाडं आणि साहेबांचा कॅन

वरच्या अंगाला कापड रंगवायची शेड झाली, तिचं पाणी ओढ्यात सुटलं आणि वर्षभरात आमची विहीर लाल झाली. धुतलेला सदरा गुलाबी निघायचा. पिण्याचं पाणी वहिनी लांबच्या बोअरवरून डोक्यावर आणायची.

मी तेव्हा नगरला एम.एस्सी. करत होतो. शेतातल्या टाकाऊ मालाने पाण्यातला रंग काढायचा, हाच माझा प्रकल्प. केडगावच्या रसवंतीवरून चिपाडं पोत्यात भरून आणली. उकळली, वाळवली, कुटली आणि घरी एका पिंपात वाळूच्या थरांमध्ये घातली. वरून लाल पाणी ओतलं की तोटीतून नितळ यायचं. सगळं गाव बघून गेलं. रंग गेला म्हणजे विष गेलं असं नाही, हे पाणी पिऊ नका, असं मी प्रत्येकाला बजावत होतो. बजावताना छाती फुगायची, खोटं कशाला बोलू?

विहिरीची तक्रार माझ्याच नावाने होती. बऱ्याच खेपांनंतर तपासणीचे साहेब आले. ऊन फार, म्हणून विहिरीपर्यंत गेलेच नाहीत. लिंबाखाली बसून त्यांनी कॅन पुढे केला आणि पाणी भरून आणायला सांगितलं. कॅन वहिनीने उचलला. मी सोबत जायला हवं होतं. मी साहेबांना चिपाडाचा भुसा दाखवत अक्कल पाजळत बसलो होतो.

महिन्याने कागद आला. पाण्यात रंग आढळला नाही, तक्रार निकाली.

घरी येऊन मी वहिनीला सहज विचारल्यासारखं विचारलं, कॅन कुठून भरला होता?

"पिंपातनं, भावजी. साहेबाच्या हापिसात आपल्या घरचं लाल पानी कसं धाडायचं? लोक काय म्हनतील?"

कॅन कशासाठी आहे, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. घरातल्या बाईला सांगायची आमच्यात पद्धतच नाही, आणि शिकलेला मी त्याला अपवाद नव्हतो. तिचा राग आला नाही. स्वतःची मात्र किळस आली. नमुना पुन्हा घ्या म्हणून अर्ज केला, तर मिटलेलं प्रकरण उघडत नाही म्हणाले.

कॉलेजातले सर मात्र हे सगळं ऐकून खूश झाले. हा सरकारी कागद प्रकल्पाला जोड म्हणाले, याहून मोठा पुरावा कुठला? मी जोडला. पहिला वर्ग मिळाला.

वहिनी अजून बोअरवर जाते. मी गावी गेलो की विचारते, "त्या साहेबाचं काही आलं का वो?"

मी न्हाई म्हणतो.