पडद्याकडे पाठ

मारोती ठवकरनं एकतीस वर्षं टॉकीजच्या दारात उभं राहून तिकिटं फाडली आणि एकही पिक्चर धड पाहिला नाही. ही गोष्ट रायपुरात कोणालेच माहीत नव्हती. उलट टॉकीज बंद पडून तिथं लग्नाचा हॉल झाला, तरी चौबे कॉलोनीतल्या बाया लेकरांना पिक्चरला न्यायच्या आधी त्याच्याच दारात येत. "मारोतीभाऊ, नवीन लागला तो कसा आहे? पोट्टे नेऊ का?" मारोती दुसऱ्या एखाद्या जुन्या टॉकीजच्या दारात एक खेप टाकून येई, मिशीवरून हात फिरवी आणि "न्या" म्हणे, नाहीतर "राहू द्या". त्यावर अपील नाही.

तुमसरकडच्या गावातून आला तेव्हा मालकानं त्याला थर्ड क्लासच्या दारावर ठेवलं. हे दार पडद्याच्या बगलेलाच. मालक म्हणाला होता, बिडी कोण पेटवते, शिट्टी कोण मारते, त्यावर नजर ठेव. म्हणून मारोतीची पाठ पडद्याकडं आणि डोळे लोकांकडं. असं पाहता पाहता त्याले लोकांच्या तोंडावरच पिक्चर दिसू लागला. लेकरू कुठं घाबरलं, बाई कुठं अवघडली, सगळं पाठ.

या वेळी मात्र भानगड घरातच झाली. नात शर्मिष्ठा, वय दहा. ही पोट्टी स्वयंपाकघरातून अंगणात जायचं तरी नाचतच जाणार. नाचाचा एक पिक्चर लागला आणि तिच्या डान्सक्लासच्या सगळ्या पोट्ट्या रविवारी निघाल्या. सून मंजिरीनं मोबाइलवर पाहिलं, तर यूए तेरा प्लस.

"हिले दहाच चालू आहे बाबा," मंजिरी म्हणाली. "दारातूनच परत पाठवतीन."

"दारातून कोणी नाही पाठवत. 'ए' असन तर परत. मी तर मिशा फुटलेले पोट्टे परत केले. हे यूए आहे. म्हणजे सरकार म्हणते, आमचं सांगून झालं, आता मायबापानं ठरवा."

"मग मी ठरवलं. नाही."

"मम्मी, आजोबा से पूछो ना," शर्मिष्ठा म्हणाली. "पूरी कॉलोनी उन्हीं से पूछती है."

मंजिरी अडकली. सगळ्या कॉलोनीनं ज्याचं ऐकावं, त्याचं घरातच कसं ऐकू नये? "ठीक आहे. बाबा पाहून येतीन. ते हो म्हणले तर हो. पण बाबा, नातीच्या तोंडाकडं पाहून हो म्हणू नका."

शनिवारी सकाळच्या खेळाला मारोती पहिल्यांदाच तेलीबांध्याकडच्या मल्टिप्लेक्सात गेला. तिकीट मधल्या रांगेचं. समोर पाहिलं तर नुसता रंग आणि धडधड, काही समजेना. दहा मिनिटांनी तो खुर्चीवर गुडघे टेकून मागं तोंड करून बसला.

मागची बाई म्हणाली, "अंकल, क्या देख रहे हो?"

"आपकी पोट्टी को," मारोती खरं तेच बोलला.

बाईनं तक्रार केली. दारावरची ममता बॅटरी घेऊन आली आणि त्याला बाजूला घेऊन गेली. मारोतीनं जन्मात पहिल्यांदा आपली पद्धत कोणाला सांगितली. ममता हसली. "हव कका, महूँ अइसनेच देखथंव. इहाँ मोर संग ठाढ़ हो जा." तीही असंच लोकांकडं पाहत असे; तिनं त्याला आपल्या बाजूला उभं केलं. हेही दार पडद्याच्या बगलेलाच होतं.

चौथ्या रांगेत दोन घट्ट वेण्यांची एक पोट्टी होती, शर्मिष्ठापेक्षा लहानच. मारोतीनं तिच्यावरच नजर धरून ठेवली. एका गाण्यात आया एकमेकींकडे पाहून पदर सारखे करू लागल्या. पोट्टीची नजर मात्र खाली, पडद्यावरच्या पायांवर, आणि तिच्या स्वतःच्या पायाची बोटं खुर्चीच्या काठावर हलत होती. इंटरवलनंतर मारोतीच्या पाठीमागं पडद्यावर बाप ओरडला, घुंगरू भिंतीवर आपटले. हॉल चिडीचूप. पोट्टीचं तोंड वाकडं झालं आणि ती मायच्या खांद्यात घुसली.

मारोती मोजू लागला. त्याचा नियम पक्का होता. शंभराच्या आत लेकरू तोंड बाहेर काढते तो पिक्चर चालते. नाही काढलं तर घरी जाऊनही नाही काढत.

चाळीस. साठ. सत्तरला एक डोळा बाहेर आला. नव्वदला पोट्टी उभी राहिली, आणि पुढचं गाणं लागलं तेव्हा ती खुर्च्यांमधल्या रस्त्यात उतरून नाचत होती. ममतानं तिला हटकलं नाही. मारोतीचा जोडाही फरशीवर ठेका धरून होता.

घरी येऊन तो म्हणाला, "न्या. पण मैत्रिणींसंग एकटी नाही, माय बाजूला पाहिजे. बाप घुंगरू फेकते तिथं लेकराले खांदा लागते."

"आणि कपडे?"

"कपडे मोठ्याइनं पाहिले. लेकरानं पाय पाहिले."

शर्मिष्ठा टाळ्या पिटत होती, तीच मधे बोलली, "आजोबा, उस सीन में हीरोइन की ड्रेस का कलर कौन सा था?"

मारोती मिशीवरून हात फिरवू लागला. मंजिरीचा झारा कढईवरच थांबला. "बाबा, पिक्चर पाहिला ना?"

मग सगळंच सांगावं लागलं. आता 'हो'चं 'नाही' होणार, म्हणून शर्मिष्ठाचा चेहरा उतरला.

"एकतीस वर्षं?" मंजिरी म्हणाली. "माझ्या लग्नाच्या साली एक पिक्चर 'नव्या सुनेनं पाहू नये' म्हणले होते, तो बी?"

"तो बी. बाया गंज रडून राहिल्या होत्या."

मंजिरीले हसू आवरेना. झारा खाली पडला. डोळे पुसत ती म्हणाली, "पिक्चर तर मीही पाहून आली असती. लेकराचं काय होते, तेच मले पाहिजे होतं, ते तुम्ही पाहून आले. उद्या तिघं जाऊ."

"लेकिन आजोबा सामने देखेंगे," शर्मिष्ठानं अट घातली.

रविवारी ती दोघांच्या मधे बसली. घुंगरू भिंतीवर आदळले, तशी ती मायच्या खांद्यात घुसली. मारोतीची मान सवयीनं तिच्याकडं वळली, ओठ मोजू लागले. तोंड न काढताच एक बारका हात आला, त्यानं आजोबाची हनुवटी धरली आणि पडद्याकडं फिरवली.

मारोतीनं पाहिलं.

"पिवळा," तो जोरात म्हणाला. "पिवळा आहे व, पिवळा."

पुढच्या रांगेतून कोणी तरी "शूऽऽ" केलं. एकतीस वर्षं लोकांना गप्प करणारा मारोती गुपचूप बसला, आणि सत्तरच्या आधीच खांद्यावरून एक डोळा त्याच्याकडं पाहून हसला.