कोपरा तुटलेलं लाल हृदय

आज इथे आयर्लंडमध्ये, नास गावच्या बेकरीत मध-दालचिनीचा वास आला आणि मला वीस वर्षांपूर्वीचा माझा तपास आठवला.

कपाटात, म्हणजे इथल्या बोलीत ‘प्रेस’मध्ये, पोह्यांच्या डब्यामागे लालभडक हृदय सापडलं होतं. बिस्किटाचं, पांढऱ्या नक्षीचं, मधोमध इवलासा आरसा!

"हे कुणी दिलं?" मी नवऱ्याला दरडावलं.

"पेशंटनं. क्रोएशियाच्या एक आजी आहेत."

"आजी? हाडांच्या डॉक्टरला हृदय देतात? आणि ते लपवायचं?" माझा विश्वास अजिबात बसला नाही. रागाने मी कोपरा कडकन तोडला आणि खाल्ला.

रविवारी आजी खरोखरच काठी टेकत चहाला आल्या. तुटका कोपरा पाहून खुदकन हसल्या.

"हे खात नाहीत गं. आमच्या छोट्या गावात पिढ्यान्‌पिढ्या बनवतात आणि आयुष्यभर जपतात. ज्याला द्यायचं, तो आपल्या हृदयात दिसावा म्हणून आरसा. डॉक्टरांनी तुझ्यासाठी मागून घेतलं माझ्याकडून."

"उद्या वाढदिवस ना तुझा," नवरा पुटपुटला.

ते हृदय अजून तिथेच आहे. प्रेस उघडला की आरशात तीच संशयी बाई दिसते. नवऱ्याच्या हृदयातली दुसरी बाई शोधायला निघाले होते, सापडले मीच.