किरकोळ काम

सक्रू राठोड गेल्याचा फोन सकाळी साडेनऊला आला. त्याच्या जावयाचा, सुभाषचा. "मुनीमजी, आज कामावर येणं होत न्हाई, सासरे वारले." आणि मी त्याला विचारलं, "दाखला आहे का?"

हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं, ते सांगायला हवं. मी वसमतला हळद पॉलिशच्या एका कारखान्यात हजेरी घेतो. कुणी म्हणालं आई आजारी आहे, की मी दाखला मागतो. कुणी म्हणालं ताप आलाय, की मी कपाळाला हात लावून पाहतो. माझ्या लग्नात नवरीकडची मंडळी उशिरा आली, म्हणाली टायर पंक्चर झालं होतं, तर मी मुंडावळ्यांसकट बाहेर जाऊन टायर बघून आलो होतो. माझी बायको अजून ते ऐकवते. तर सुभाष पलीकडून म्हणाला, "मुनीमजी... मानूस मेला हो." मग त्यानंच फोन ठेवला.

सक्रू आमच्याकडे आला तो नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, दोन कोसांवरच्या तांड्यातून, पायी. छाती अशी रुंद की सदऱ्याची वरची दोन बटणं कायम उघडी. त्याला लगेच ड्रमवर घातलं. हळद शिजवून वाळवली की हळकुंडावर खरबरीत साल राहते. ती काढायला जाळीच्या मोठ्या ड्रममध्ये माल भरून तो तासन्‌तास फिरवतात. हळकुंड सोन्यासारखं पिवळंधमक होऊन बाहेर पडतं आणि सालीची धूळ शेडभर उडते. फेब्रुवारीत हंगाम सुरू झाला की पुढं चार-पाच महिने समोरचा माणूस धड दिसत नसे. मी मात्र काचेच्या केबिनीत बसायचो. इतक्या वर्षांत मला कधी खोकला झाला नाही, आणि त्याचं श्रेय मी रोज सकाळी घेत असलेल्या लिंबूपाण्याला द्यायचो. एवढंच नाही, ते ड्रमवरच्या माणसांना सांगायचोही. "लिंबू पीत जा रे, लिंबू." सक्रू एकदा म्हणाला, "मुनीमजी, आमी लिंबू पितो, तुमी ड्रमवर उभे ऱ्हा. आठ दिवसांनं पाहू कोनाचं लिंबू चांगलं." सगळी शेड हसली. मीही हसलो. हसायला केबिनीचं दार उघडावं लागलं, ते लगेच लावून घेतलं.

संध्याकाळी काम सुटताना मालक प्रत्येकाला गुळाचा खडा द्यायचे. धुळीवर गूळ उतारा, अशी आमच्याकडची जुनी समजूत, आणि वाटायचं काम माझ्याकडे. सक्रू खडा हातात घेऊन उलटासुलटा बघायचा. "गूळ जातो पोटात, धूळ जाते छातीत. या दोगायची गाठ कवा पडत असंल, मुनीमजी?" मला वाटलं, याला मोठा खडा पाहिजे. मी दुसऱ्या दिवशीपासून त्याला मोठा दिला.

हिंगोली वेगळा जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या हंगामात सक्रू दर दुसऱ्या सोमवारी गैरहजर राहायला लागला. मालक म्हणाले, "दुसऱ्या कारखान्यात जात असेल. लक्ष ठेवा." मालक एवढंच म्हणाले. पाळत ठेवायची कल्पना माझी. सोमवारी सकाळी मी डोळ्यांवर काळा चष्मा आणि तोंडावर उपरणं गुंडाळून वसमतच्या स्टँडवर उभा राहिलो. सक्रू हिंगोलीच्या गाडीत चढला, मी मागच्या दारानं... म्हणजे चढणार होतो, पण मागं दारच नव्हतं. पुढूनच चढलो, त्याच्या अंगावरून, आणि शेवटच्या बाकावर जाऊन खिडकीबाहेर बघत बसलो. कंडक्टर आला. मी नोट पुढं केली. तो म्हणाला, "तुमचं झालंय." पुढच्या बाकावरून सक्रू मागं न वळता म्हणाला, "मुनीमजीचं म्या काढलं. हिंगोलीच ना?" माझं उपरणं हळदीनं पिवळं झालं होतं, कान पिवळे होते, नखं पिवळी होती. अख्ख्या गाडीत मी एकटाच वेषांतर करून आलो होतो आणि एकटाच ओळखू येत होतो. औंढ्याला गाडी थांबल्यावर त्यानं मला चहा पाजला. चहा पिताना तो दोनदा थांबून श्वास घेत होता. मला वाटलं, नाटक.

तो जात होता छातीच्या डॉक्टरांकडे. आता आलोच होतो, म्हणून मीही आत गेलो. डॉक्टर तरुण होते. त्यांनी थुंकी तपासली होती, टीबी नव्हता. त्यांनी विचारलं, काम काय करता? कुठं उभे राहता? किती वर्षं? धुळीला झाकण आहे का? इतके प्रश्न मी नवीन माणूस ठेवतानाही विचारत नसे. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही कारखान्यातलेच ना? पुढच्या वेळी यांच्या कामाचं लिहून पाठवा. काम धुळीतलं असेल तर मी यांना तिथून हलवायला तुमच्या मालकांना चिठ्ठी देतो. नुसत्या औषधानं हे थांबणार नाही."

परतीच्या गाडीत सक्रू खूष होता. "पोत्यायची शिलाई करीन, मुनीमजी. न्हाई तं गेटवर बसीन. ड्रम सोडून काय बी." मी मान डोलावली, आणि डोक्यात गिरणी सुरू झाली. आज हा डॉक्टर कागद मागतो. उद्या हा कागद घेऊन कुणी वकील येईल, परवा इन्स्पेक्टर. बाकीचे ड्रमवाले रांग लावतील. हा एवढा भोळा माणूस, याच्यामागं कुणीतरी असणारच... मालकांनी मला काही सांगितलं असतं तर आज बरं वाटलं असतं. मालकांना मी विचारलंच नाही. मी आपल्या हुशारीनं, आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं: 'सक्रू राठोड हे आमच्याकडे गरजेनुसार किरकोळ काम करतात.' 'किरकोळ' हा शब्द सुचला तेव्हा मी स्वतःवर इतका खूष झालो की घरी जाताना पाव किलो जिलबी नेली. कागद सक्रूच्या हातात दिला. त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं तो चार घड्या करून खिशात ठेवला. काय लिहिलंय, हेही त्यानं विचारलं नाही.

त्याच्या पुढच्या खेपेनंतर मंगळवारी मी विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?" तो हसला. "म्हनले, मंग हा खोकला कामानं न्हाई, बिडी सोड. आता मुनीमजी, सोडाया आदी धराया लागंल ना. तुमच्याकडं हाये का एखांदी?" सक्रूनं आयुष्यात बिडी ओढली नव्हती. मी त्याच्याबरोबर हसलो. तो हसता हसता खोकत बसला आणि मग उठून ड्रमकडे गेला.

अजून पाच हंगाम तो ड्रमवर होता. आधी अख्खं पोतं उचलायचा, मग अर्धं, मग रिकामी पोती झटकायचा. एक दिवस यायचा थांबला. हजेरीच्या वहीत त्याच्या नावापुढं मी लिहिलं, 'स्वतः होऊन काम सोडले.' नंतर एकदा मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या रस्त्यावर दिसला. चार पावलं टाकायचा आणि दुकानासमोर थांबायचा. भांड्यांचं दुकान, मग चपलांचं, मग बांगड्यांचं. मी म्हणालो, "काय रे, खरेदी?" तो म्हणाला, "न्हाई हो. दुकानं पाहून राहिलो." बांगड्यांच्या दुकानासमोर तो फार वेळ उभा होता. मला संशय आला. काय ते लिहायची लाज वाटते.

दहाव्यानंतर मी तांड्यावर गेलो. त्याची बायको सोनाबाई दारातच बसली होती. आत भिंतीशी सतरंजी होती आणि तिच्यावर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला, भिंतीवर एक तेलकट गोल डाग होता. "आडवं व्हता येत नव्हतं त्यायला," ती म्हणाली. "दोन सालं तितंच बसून झोपले." मी त्या भिंतीला पाठ लावली नाही.

चहा झाल्यावर ती म्हणाली, "मुनीमजी, तुमचा कागद म्या परवा वाचून घेतला."

मी कपाकडे बघत होतो.

"डाक्टरनं वापस देल्ला तवापासून पेटीत व्हता, पन त्यायनं कवाच वाचू देल्ला न्हाई. म्हनायचे, मुनीमजीनं लिव्हलंय, आपल्यासंगं गाडीत आलता मानूस, वाचायचं काय त्यात." तिच्या आवाजात राग नव्हता. "सुभाषला खोकला लागलाय. तुमच्याच ड्रमवर हाये. डाक्टर कागद मागून राहिले. लिव्हता का?"

तिनं वहीचं पान पुढं केलं. मी लिहिलं: ड्रमवर काम, रोज नऊ-दहा तास, चौथा हंगाम, शेड बंद, धूळ फार, झाकण नाही. माझं अक्षर तेव्हा सुंदर आलं नाही. कागद द्यायला हात पुढं केला, तर ती तो घेऊन उठली. "बसा. अंगनवाडीच्या बाईकडून वाचून आनते." ती समोरच्या घरात गेली. तिथून मला माझीच वाक्यं ऐकू येत होती, दुसऱ्याच्या तोंडून, सावकाश. 'झाकण नाही' तिनं दोनदा वाचायला लावलं.

परत येऊन म्हणाली, "बराबर हाये. शिक्का?"

"शिक्का कारखान्यात आहे. सुभाषजवळ पाठवून दे, मारतो."

"म्याच येते."

दुसऱ्या दिवशी ती माझ्याआधी केबिनीबाहेर उभी होती, तोंडाला पदर लावून. मालक मोंढ्यात गेले होते. त्यांनी अजून काही विचारलेलं नाही. हे छापून आल्यावर विचारतील. मी तिला आत घेतलं, दार लावलं, शाईची डबी उघडली. ती कागद माझ्या हातात देईना. तिनं तो टेबलावर पसरला, एका कोपऱ्यावर दोन बोटं घट्ट दाबून धरली, आणि माझ्या हाताकडे बघत राहिली. मी शिक्का मारला. शाई वाळेपर्यंत तिनं बोटं उचलली नाहीत.