कारणाचा रकाना

माझे मामा, विश्वासराव, देवासच्या कचेरीत नकल शाखेला बत्तीस वर्षं होते. लोकांच्या जुन्या कागदांच्या नकला काढायच्या, अक्षर न अक्षर ताडून पाहायचं आणि खाली 'सत्य प्रतिलिपि' असा शिक्का मारायचा. निवृत्त झाले, पण शिक्का काही अंगातून गेला नाही. मी सरदारपूरचा, नोकरीपायी त्यांच्याकडे राहतो. 'दोन मिनिटांत आलो' म्हटलं की मामा खरंच घड्याळ बघतात. अशा माणसाने साठी उलटल्यावर जन्मातलं पहिलं खोटं लिहिलं, तेही विमा कंपनीला.

खोट्याच्या मुळाशी मामी. नर्मदामामींच्या हृदयाची एक झडप खराब झाली आहे. इंदूरला जाऊन ती बदलायची. तारीख दोनदा मिळाली आणि दोनदा मामींनी परत केली. एकदा निघताना पाल चुकचुकली, एकदा देवापुढची समई विझली. डॉक्टर म्हणाले, तिसऱ्यांदा टाळलंत तर चौथ्यांदा माझ्याकडे येऊन उपयोग होणार नाही. तेव्हा मामी एवढ्यावर कबूल झाल्या, की पाडव्याला गुढी नीट उभी राहू दे, मग बाराव्या दिवशी जाऊ.

गाडीही मामींसाठीच घेतलेली. छत अख्खं काचेचं. फार वेळ ताठ बसलं की मामींना थकवा येतो, म्हणून पुढची सीट मागे पाडून त्या पडून राहतात आणि वरून जाणारी झाडं बघतात. मी म्हणायचो, "मामा, माळव्याच्या उन्हात काचेचं छत म्हणजे पापड वाळवायची सोय." मामा म्हणायचे, "तू पायी जात जा."

पाडव्याच्या सकाळी सुतळी सापडेना. मुहूर्त टळायला नको म्हणून मी विजेच्या वायरीला लावतात तो काळा टेप आणून दिला आणि मामांनी गुढीची काठी त्याने गच्चीच्या कठड्याला गुंडाळली. गाडी धुतली, हार घातला आणि बरोबर गुढीखाली उभी केली, आशीर्वाद सरळ छतावर पडावा म्हणून.

पडलाच. दुपारी अडीचला मामी जेवून झोपल्या होत्या. टेप उन्हाने सैल झाला, वाऱ्याची एक झुळूक आली आणि गुढी काठीसकट खाली. तांब्या काचेवर आपटला, साखरेच्या गाठीच्या कपच्या उडाल्या आणि छतभर भेगा गेल्या. मामांनी काचेकडे बघितलंसुद्धा नाही. मामींच्या खिडकीकडे बघितलं.

"अन्या," ते हळू म्हणाले, "ही उठायच्या आत."

कपडे वाळत घालायच्या दोरीने आम्ही गुढी पुन्हा उभी केली, तांब्याचा पोचा भिंतीकडे फिरवून. संध्याकाळी मामींनीच हळदकुंकू वाहून ती उतरवायला सांगितली. काचेबद्दल मामा म्हणाले, "पेट्रोल भरायला गेलो होतो. ट्रकखालून दगड उडाला."

"गाडीवरच निभावलं ना?" मामी म्हणाल्या. "मग सुटलो."

आता घरात दगड आणि कागदावर गुढी असं कसं चालेल? उद्या कंपनीचा फोन मामींनी उचलला तर? म्हणून अर्जातही दगडच. पण नकल शाखेचा माणूस. खोटंसुद्धा मोघम लिहीना. 'हानि का कारण' या रकान्यात त्यांनी लिहिलं, की दोपहर २ बजकर ४० मिनट पर, बायपास पर, ट्रक के पिछले टायर से, लगभग अंडे के आकार का पत्थर. ट्रकचा नंबर नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं.

मग सुरू झालं वाट पाहणं. फोन लावा, हिंदीसाठी दोन दाबा, क्लेमसाठी चार दाबा, मग गाणं ऐका. रोज नवी मुलगी, रोज पहिल्यापासून दगड. फोटो पाठवले तर उत्तर आलं, फोटो अंधुक आहेत. पुन्हा पाठवले तर उत्तर आलं, फोटो आधीच मिळाले आहेत. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, गाडी हलवू नका, विमा कंपनीचा सर्व्हेअर घरी येईल. काच बाहेरून मागवावी लागेल, तीही त्याच्या सहीनंतर. प्रत्येक फोननंतर मामा खुर्चीत थोडे आणखी खाली सरकायचे. मी म्हटलं, "मामा, बत्तीस वर्षं लोक तुमच्या खिडकीसमोर असेच उभे राहिले असतील." त्यांनी पुन्हा हिंदीसाठी दोन दाबलं.

सहाव्या दिवशी सर्व्हेअर आला. हर्षित नाव, माझ्याच वयाचा, हेल्मेट काखेत. गाडीवरची चादर काढून तो स्टुलावर चढला आणि वाकून भेगा बघू लागला.

"अंकलजी, पत्थर तो सामने से आता है. ये तो ऊपर से गिरा है."

"उछला होगा," मामा म्हणाले. आवाज त्यांचाच, पण शिक्का नसलेला.

"और भिया, ये चींटियाँ?" हर्षितने मला वर बोलावलं. भेगांतून मुंग्यांची रांग चालली होती. त्याने पेनाच्या टोकाने एक गुलाबी कपची उकरली, बोटावर घेतली. "पत्थर मीठा था क्या?"

नेमक्या तेव्हाच मामी चहाचा कप घेऊन दारात आल्या. कपची त्यांनी पाहिली. गुलाबी गाठी त्यांनीच बाजारातून निवडून आणलेली.

"ही आपली गाठी," त्या म्हणाल्या. "गुढी किती वाजता पडली?"

"अडीचला," मामा म्हणाले. आता त्यांना खोटं सुचेना.

मामींनी कप ओट्यावर ठेवला. "डॉक्टरांना फोन करून टाका. मी येत नाही." आणि आत गेल्या.

हर्षितला काय झालं ते कळलं नाही, पण काहीतरी झालं एवढं कळलं. चहा उभ्यानेच पिऊन तो म्हणाला, "अंकलजी, जो हुआ वही लिख दो ना. ऊपर से चीज़ गिरी, वो भी चलता है. शाम तक भेज देना."

म्हणजे खरं लिहिलं असतं तरी चाललं असतं. मामा त्यावर हसले नाहीत, रडलेही नाहीत. टेबलाशी बसले आणि चष्मा पुसला. मी म्हटलं, "मामींना समजावा ना."

"दोनदा समजावून पाहिलं. ती पालीचं ऐकते, माझं नाही," असं म्हणून त्यांनी पेन उघडलं.

तासभर लिहीत होते. पाणी प्यायला उठले तेवढ्यात मामी आल्या आणि कागद उचलून खिडकीपाशी नेला. मीही मागून वाचला. पहिला जबाब असत्य असल्याची कबुली होती. मग कारणाचा रकाना. गुढी की काठी मैंने सुतली के स्थान पर बिजली के टेप से बाँधी, जो मेरे भानजे अनीश ने लाकर दिया. धूप से टेप ढीला पड़ा. इसके अतिरिक्त गिरने का कोई कारण नहीं है. खाली सही, तारीख, वेळ.

मामा दारात येऊन उभे राहिले.

"हे खरं लिहिलंय?" मामींनी विचारलं.

"बरहुकूम."

"दुसरं काही कारण नाही?"

"असतं तर लिहिलं असतं."

मामी कॉटवर बसल्या, श्वास जमवला. "टेप! अहो, गुढीला कुणी टेप लावतं? मी सकाळपासून देवाला विचारतेय, माझं काय चुकलं म्हणून. आणि हा तुमचा गबाळेपणा!" मग माझ्याकडे वळून, "आणि हा एक भाचा. सरदारपुरात सुतळी मिळत नाही का रे?"

"मिळते मामी, पण तुमच्याकडे..."

"गप्प बस." मग त्यांनी मामांना विचारलं, "डॉक्टरांना फोन केलात?"

"लावला होता. लागला नाही."

मामांनी फोनला हातसुद्धा लावला नव्हता. मी समोरच होतो. हे त्यांचं दुसरं खोटं, आणि यात वेळ, टायर, अंड्याचा आकार, काही नव्हतं.

"आता लावू नका," मामी म्हणाल्या.

क्लेम मंजूर झाला. काच काही आली नाही, 'रास्ते में है' असा मेसेज तेवढा दर दोन दिवसांनी येत राहिला. बाराव्या दिवशी भाड्याच्या जीपमधून निघालो. मामी मागच्या सीटवर आडव्या, त्यांच्या उशाशी मामा मांडीवर फाइल घेऊन, मी ड्रायव्हरशेजारी. जीपच्या छताला कळकट रेक्झिन. मामा म्हणाले, "झाडं दिसायची नाहीत आज."

मामींनी थोडा वेळ त्या रेक्झिनकडे बघितलं. हात गार पडले होते, मामा ते चोळत होते.

"सुतळीचा गुंडा माझ्या कपाटात ठेवलाय," त्या म्हणाल्या. "पुढच्या पाडव्याला मी काढून देईन. तोवर कुणी हात लावायचा नाही."

"बरं," मामा म्हणाले. आणि मग डोळे मिटून, पुढचा टोल येईपर्यंत, बारा दिवसांत पहिल्यांदा झोपले.