कॅनॉलकाठी डबलसीट

त्या उन्हाळ्यात आम्ही खरं तर इटलीत सायकल चालवणार होतो. उत्तर इटलीत नदीकाठानं मैलोन् मैल सपाट रस्ता आहे, गाड्यांना बंदी आहे, दोन्ही बाजूंना शेतं आहेत आणि दुपारी कुठंही थांबलं तरी उत्तम जेवण मिळतं, असं माझ्या नवऱ्यानं व्हिडिओंत पाहिलं होतं. चढ नाही, ट्रॅफिक नाही, म्हणजे आपल्यासाठीच बनवलाय, असं त्याचं मत. पण आयर्लंडमध्ये राहत असलो तरी आमच्या भारतीय पासपोर्टला इटलीचा व्हिसा वेगळा लागतो आणि त्याची अपॉइंटमेंट काही केल्या मिळेना. तोवर नवऱ्यानं बुडाखाली गादी शिवलेली सायकलची चड्डी घेऊन ठेवली होती. नवरा पुण्याचा. घेतलेली वस्तू पडून राहिली की त्याला झोप लागत नाही.

त्यातच इचलकरंजीहून माझी मावशी आली. आईची धाकटी बहीण. दूध संघाच्या ऑफिसातून रिटायर झालेली, एकटी राहणारी, आणि दिवसाला निदान दहा माणसांशी बोलल्याशिवाय जिला अन्न पचत नाही अशी. आमचं घर डब्लिनच्या कडेला ल्यूकनला, एका इस्टेटीत, म्हणजे कॉलनीत. सगळी घरं एकसारखी, सकाळी सगळे गाड्या काढून ऑफिसला जातात आणि मागं फक्त कचऱ्याचे डबे उरतात. मावशी चार दिवस फिरून आली आणि म्हणाली, "हितं घरं हाईत, गाड्या हाईत. माणसं कुठं ठेवल्याती?"

मग नवऱ्यानं ठरवलं की इटली नाही तर नाही, रॉयल कॅनॉल तरी करू. डब्लिनपासून पश्चिमेला जाणारा जुना कालवा, काठानं पक्की वाट, गाड्या नाहीत, चढ जवळपास नाहीच. मावशीचं काय करायचं, याचंही उत्तर त्यानं शोधून ठेवलं होतं. तिकडं एका सायकलवाल्याकडे टँडम भाड्यानं मिळते. दोन सीटांची, दोन जणांनी पॅडल मारायची लांबलचक सायकल. पुढे तो, मागे मावशी. गुडघे दुखले तर तिनं पाय नुसते ठेवायचे. मला साधी सायकल.

"म्हणजे डबलसीटच की," मावशी म्हणाली आणि तयार झाली. पंजाबी ड्रेस, माझे स्पोर्ट्स शूज, स्वेटर, कानटोपी आणि कानटोपीवर हेल्मेट. सायकलवाल्यानं हेल्मेटचा पट्टा हवा तेवढा सैल केला आणि ती एकदम ग्रँड दिसतेय असं सांगितलं. मावशीनं त्याला किती मुलं आहेत ते विचारलं.

पहिला तासभर झकास गेला. एका बाजूला काळंशार पाणी, दुसऱ्या बाजूला कुरणं. नवरा पुढे बसून माहिती देत होता. कालवा कधी खणला, घोडे नावा कसे ओढायचे. लॉक म्हणजे काय, हे तर त्यानं दोनदा समजावलं: पाण्याला चढ चढता येत नाही, म्हणून मध्येमध्ये दोन दारांचा खोल दगडी हौद असतो. नाव खालून आत घ्यायची, दार लावायचं, वरून पाणी सोडायचं, की नाव पाण्याबरोबर वर येते. मावशी हं हं करत होती, पण तिचं लक्ष गाईंकडे होतं. गाय दिसली की तिचे पाय थांबायचे. टँडमवर एकाचे पाय थांबले की दुसऱ्याचेही अडकतात. त्यामुळे नवऱ्याचे गुडघे दर कुरणाला झटका खात होते. शेवटी त्यानं फार नम्रपणे सांगितलं, "मावशी, तुम्ही पाय वर घेऊन बसा. मी नेतो." तिनं पाय मधल्या दांडीवर ठेवले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हात करायला मोकळी झाली. कुत्रा फिरवणारे, पळणारे, बाबागाडीवाले, सगळ्यांना ती 'हॅलो' म्हणे आणि सगळे तिला उलट म्हणत. इचलकरंजी सोडल्यापासून ती एवढी खूश झालेली मी पाहिली नव्हती.

मी मागे पडले ते एका हंसामुळे. वाटेच्या मधोमध तो उभा होता, त्याची पिल्लं गवतात होती आणि त्यानं पंख उघडून माझ्याकडे असं काही पाहिलं की मी सायकलवरून उतरून सायकल त्याच्या आणि माझ्या मध्ये धरली. मी उजवीकडे सरकले की तो उजवीकडे. पुढच्या वळणाला नवऱ्याचं हेल्मेट आणि मावशीची कानटोपी दिसेनाशी झाली. हंसाला कंटाळा येईपर्यंत मी तिथंच. मग तो पिल्लं घेऊन पाण्यात उतरला आणि मी निघाले.

थोडं गेल्यावर समोरून नवरा येताना दिसला. जोरात येत होता. टँडमची मागची सीट रिकामी होती.

माझ्यापाशी येऊन त्यानं ब्रेक मारला, माझ्या मागं डोकावून पाहिलं आणि विचारलं, "मावशी तुझ्याकडे आहेत का?"

मी म्हटलं, माझ्याकडे कशी असेल, तुझ्या मागे बसवली होती.

झालं होतं ते असं. पुढं एका लॉकपाशी वाटेवर लोखंडी फाटक होतं. त्यातून टँडम वाकडी करून काढताना तो वेग कमी करून जवळजवळ थांबला होता. मग निघाला. पुढं वाट सरळ होती, सायकल हलकी वाटायला लागली, तेव्हा आपला स्टॅमिना वाढला असं त्याला वाटलं. वळून पाहिलं तर टँडम डुलते, म्हणून त्यानं पाहिलं नाही. घोडे जाऊन रेल्वे कशी आली, हे सगळं त्यानं सविस्तर सांगितलं. मावशी हं म्हणत नव्हत्या, पण त्या ऐकतायत असं तो धरून चालला होता. मग समोरून आलेल्या एका म्हातारबाबांनी हसत हसत म्हटलं की बाबा, तुझा एक माणूस कमी झालाय.

मावशीचा फोन नवऱ्याच्या पाठीवरच्या पिशवीत. इंग्रजी तिला येतं ते ऑफिसातलं, म्हणजे 'प्लीज फाइंड एन्क्लोज्ड' पर्यंतचं. आणि शेजारी पाणी. आम्ही दोघंही पाण्याकडे बघायचं टाळत होतो आणि तेवढंच बघत होतो.

आम्ही दोघं त्या लॉककडे निघालो. वाटेत मी त्याला काय काय बोलले ते सांगत नाही. येताना तो तिथूनच आला होता, पण इतक्या वेगात की फाटकापाशी मावशी नाहीत एवढंच त्यानं पाहिलं आणि माझ्याकडे धावला.

लॉकवर एक पांढऱ्या केसांचा आयरिश गृहस्थ दरवाजाशी लोखंडी हँडल घालून फिरवत उभा होता. घाई अशी कसलीच नाही. नवऱ्यानं धापा टाकत विचारलं की इथं एक बाई पाहिल्या का, भारतीय, हेल्मेटखाली लोकरीची टोपी.

"पाहिल्या की," तो म्हणाला. "खाली आहेत त्या."

नवऱ्याचा चेहरा उतरला. "खाली?"

"हो, खाली. काळजी नको. येतील पाच मिनिटांत वर."

नवरा गवतात बसला. सकाळपासून लॉकवर दोन व्याख्यानं दिलेला माणूस. पण त्या क्षणी त्याच्या डोक्यात खाली म्हणजे एकच अर्थ होता, आणि हा सद्गृहस्थ तो इतक्या शांतपणे कसा सांगतोय हे त्याला कळत नव्हतं. मी कठड्याशी गेले आणि वाकून पाहिलं. खोल हौदात, ओल्या दगडी भिंतींच्या मध्ये, एक हिरवी लांबट नाव उभी होती. नावेच्या मागच्या टोकाला एक आयरिश बाई सुकाणू धरून उभी होती आणि तिच्या शेजारच्या खुर्चीत मावशी चहा पीत होती.

पाणी भरत होतं तशी नाव वर येत होती. फार हळू. आधी हेल्मेट आलं, मग कानटोपी, मग मावशीचा चेहरा, मग कप, मग बशीतली बिस्किटं. ती आमच्या पातळीला आली तेव्हा तिनं नवऱ्याला गवतात बसलेलं पाहिलं.

"दमला का वो जावईबापू?" तिनं विचारलं.

तो म्हणाला, "मावशी, तुम्ही कुठं उतरलात?"

"हितंच की. फाटकापाशी म्हटलो, थांबा, नाव बघू या. तर तुमी सुसाट गेलासा." कोल्हापूरकडच्या बायकांसारखी मावशी स्वतःबद्दल म्हटलो, गेलो असंच बोलते. पुढं तिनं सांगितलं की तिनं हाका मारल्या, मग नावेतल्या बाईनं हात केला, मग जावईबापू लेक्चर संपलं की येतीलच म्हणून ती आत जाऊन बसली. परत येतानाही तो वरून भुर्रकन गेलेला तिनं खालून ऐकला होता. तेव्हा तोंडात बिस्किट होतं.

हँडल फिरवणारे गृहस्थ आणि सुकाणूवरच्या बाई, हे नावेतलं जोडपं रिटायर झालेलं होतं आणि उन्हाळाभर नावेतच राहत होतं. त्यांना इंग्रजी आणि तिला मराठी, पण त्यांची दोन्ही मुलं ऑस्ट्रेलियात असतात, बाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि गृहस्थांना गोड खायला मनाई आहे, हे तिला सगळं कळलं होतं. पुढच्या गावापर्यंत मी नावेतूनच येतो, असं तिनं जाहीर केलं. ते दोघं आनंदानं हो म्हणाले.

नाव माणसाच्या चालीनं जाते. त्यामुळे मावशी नावेत आणि आम्ही काठानं, असे बरोबरीनं निघालो. मी आपली साधी बाई साध्या सायकलवर. नवरा मात्र रिकाम्या सीटची टँडम घेऊन चाललेला, आणि आयर्लंडमधल्या माणसाला असा विनोद समोर दिसला की तो सोडवत नाही. एक म्हणाला, बायको पळाली का? पुढचा म्हणाला, मागचे पॅडल मारत नाहीयेत बरं का. एका बाईनं जागा आहे तर बसू का म्हणून विचारलं. नवरा प्रत्येकाला हसून 'ग्रँड, ग्रँड' म्हणत होता. मावशी नावेतून विचारायची, काय म्हणाला तो? मी सांगायचे. ती नावेतल्या दोघांना खुणेनं सांगायची आणि नाव हसायची.

गावात पोचल्यावर काठावर बसून सगळ्यांनी मावशीनं घरून बांधून आणलेली धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. नावेतले गृहस्थ चटणी चमच्यानं नुसतीच खात सुटले. डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेनात. मावशीनं उरलेली पुडी त्यांना दिली.

परत जायची वेळ आली तेव्हा तिनं टँडमकडे पाहिलं आणि माझ्या सायकलीचं हँडल धरलं. "मला एकटीची दे. तुमी नवरा-बायको बसा त्याच्यावर."

मी म्हटलं, मावशी, तुला सायकल येते? मी तर तिला कायम मोपेडवरच पाहिलेलं.

"दूध संघात सायकलनंच जात होतो की, तू जन्मायच्या आदी. तुमी इचारलंच न्हाई कुणी."

पहिल्या चार हातांवर ती डुलली, एका झुडपात शिरली, बाहेर आली, आणि मग अशी गेली की आम्ही दोघं मागून बघत राहिलो. टँडमवर मागं बसल्यावर मला दोन गोष्टी कळल्या. एक, समोर फक्त नवऱ्याची पाठ दिसते. दोन, तो खरंच श्वास घ्यायला थांबत नाही. मी पॅडल मारत नाही असा त्याचा आरोप होता. तो गाडी डावीकडे ओढतो असा माझा. एकदा आम्ही भांडणात दोघंही थांबलो आणि सायकल शांतपणे गवतात आडवी झाली. आम्हीही. गादीची चड्डी तेवढी उपयोगी पडली.

आम्ही पोचलो तेव्हा मावशी सायकलवाल्याच्या बाकावर बसून त्याच्या धाकट्या मुलीचे फोटो बघत होती.

घरी आल्यावर तिनं माझ्या आईला व्हिडिओ कॉल लावला. नवरा आतल्या खोलीत गुडघ्याला मलम चोळत होता. दार उघडंच होतं.

"बाकी समदं झ्याक," मावशी फोनवर सांगत होती. "जावई तेवढं हरवलं हुतं गं थोडा वेळ. घावलं पण."

आईनं काळजीनं विचारलं, मग जेवले का ते?

"जेवलं की. चार धपाटी."